जीआरईला ३०५ आणि पीएचडीचा अर्ज: फाइल वाचणाऱ्याच्या जागेवरून

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या जीआरई परीक्षेत ३०५ मिळाले: क्वांट (गणित) १५५, व्हर्बल (इंग्रजी भाषा) १५०, आणि वेगळं मोजलं जाणारं लेखन ३.५. पदवी सिव्हिलची, जीपीए बरा, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट भूजलावर, त्यानंतर दोन वर्षं एका सल्लागार कंपनीत पंपिंग टेस्टचं, म्हणजे विहीर उपसून भोवतीची भूजलपातळी मोजण्याचं, काम. अमेरिकेत जलस्रोत किंवा पर्यावरण अभियांत्रिकीत पीएचडी करायची आहे आणि डेडलाइन डिसेंबरात आहेत. परीक्षा परत द्यावी, अर्ज वर्षभर पुढे ढकलावा, की आहे त्या गुणांवर अर्ज करून एसओपीत (अर्जासोबतच्या उद्देशपत्रात) कमी गुणांचं कारण लिहावं?

उत्तर आधी देतो. अर्ज याच वर्षी करा. परीक्षा परत द्यायची की नाही ते तुमच्या यादीतले विभाग जीआरईबद्दल काय म्हणतात त्यावर ठरेल, त्याचा हिशोब खाली आहे. आणि एसओपीत गुणांबद्दल चकार शब्द काढू नका.

मी एका अमेरिकन विद्यापीठात जलशास्त्र शिकवतो आणि विभागाच्या प्रवेश समितीवर बरीच वर्षं बसलो आहे. तुमच्यासारखे प्रश्न दर सप्टेंबरात येतात आणि त्यांतले निम्मे लोक अर्जच करत नाहीत. त्यांचं मला फार वाईट वाटतं, कारण ज्यांनी केला असता तर मिळालं असतं असे त्यांत नक्की असतात.

पहिल्यांदा तो आकडा नेमका किती कमी आहे ते बघू. व्हर्बल आणि क्वांट दोन्ही १३० ते १७० या पट्टीवर असतात, पण दोन्हीकडची गर्दी सारखी नाही. क्वांटमध्ये गणिताची सवय असलेले परीक्षार्थी इतके असतात की १६० मिळवणारा साधारण मधोमध उभा असतो. तेच १६० व्हर्बलला मिळाले तर दर पाचांतले चार जण त्याच्या मागे असतात. तुमचं व्हर्बल आणि लेखन जवळजवळ सरासरीइतकं आहे, त्याची काळजी सोडा. क्वांट मात्र सरासरीच्या थोडं खाली आहे आणि अभियांत्रिकीच्या अर्जात नजर तिथेच जाते. म्हणजे तुमची अडचण ‘३०५’ ही नाही, क्वांटचे १५५ ही आहे. बेरजेकडे समितीत फारसं कुणी बघत नाही, बेरीज फक्त अर्जदार करतात. आणखी एक. परीक्षेच्या प्रत्येक भागाच्या गुणात दोनेक गुणांची मोजमापातली चूक धरावी लागते, हे परीक्षा घेणारी ईटीएस स्वतःच सांगते. त्यामुळे १५५ वाला आणि १५७ वाला यांच्यात खरंच फरक आहे, असं छातीठोकपणे कुणीच म्हणू शकत नाही.

तरीही हा आकडा लोकांना बाहेर ठेवतो. कसा, ते सांगतो.

डिसेंबरच्या मध्यावर डेडलाइन संपते. आमच्याकडे दोनशेच्या वर अर्ज, समितीत पाच जण, आणि पाचही जण त्याच आठवड्यात सत्राचे पेपर तपासत असतात. अर्ज येतात ते एका मोठ्या तक्त्यात. आडव्या ओळीत नाव, विद्यापीठ, जीपीए, क्वांट, व्हर्बल, लेखन, इंग्रजीची परीक्षा. क्वांटच्या मथळ्यावर एकदा क्लिक केलं की सगळी यादी उतरत्या क्रमाने लागते, आणि माणूस वरून वाचायला लागतो. कुणी ‘१५८ च्या खालचे नकोत’ असं म्हणालेलं नसतं. पण रात्रीचे साडेअकरा वाजतात, ऐंशी फाइली वाचून होतात, आणि खालच्या फाइली ‘उद्या बघू’ म्हणून राहतात. मी स्वतः तसं केलेलं आहे. ज्यांच्या फाइली न उघडता राहिल्या, त्यांनी दोन-दोन महिने खपून लिहिलेली पानं कुणी वाचलीच नाहीत. एकट्या या आकड्यावर कटऑफ लावू नका, असं ईटीएस विद्यापीठांना लिहून सांगत आली आहे. आमच्या समितीत या मुद्द्यावर मी बराच वाद घातला, आणि शेवटी तो स्तंभ पहिल्या वाचनाच्या तक्त्यातून काढला. सगळीकडे तो निघालेला नाही.

फाइल एकदा उघडली की मात्र चित्र बदलतं. ‘याला तीन गुण जास्त आहेत म्हणून हा घेऊ’ असं वाक्य शेवटच्या बैठकीत मी कधी ऐकलेलं नाही. तिथे ऐकू येतं ते असं: ‘हिला पहिल्या वर्षाचा ट्रान्सपोर्टचा (पाण्यातून पदार्थ कसे वाहतात त्याचा) गणिती कोर्स झेपेल का?’ कमी क्वांटमुळे मनात हीच एक शंका येते. त्या शंकेचं उत्तर फाइलमध्ये दुसरीकडे सापडलं, तर १५५ चा विषय तिथेच मिटतो. नाही सापडलं, तर कुणीतरी म्हणतं, ‘गणित जरा कच्चं दिसतंय,’ आणि फाइल बाजूला जाते. तुमची सगळी तयारी या दोन ठिकाणांसाठी करायची आहे: चाळणी जिथे नाही ते दरवाजे निवडायचे, आणि जिथे फाइल उघडेल तिथे त्या एका शंकेला पुरावा द्यायचा.

ही परीक्षा काय मोजते यावर संशोधन आहे आणि त्यात दोन्ही बाजू आहेत. २००१ साली कुंसेल आणि सहकाऱ्यांनी जुन्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात जीआरईचे गुण आणि पहिल्या वर्षाचे ग्रेड यांच्यात बऱ्यापैकी संबंध दिसला. २०१४ मध्ये केसी मिलर आणि केव्हान स्टॅसन यांनी ‘नेचर’मध्ये या गुणांवर कटऑफ लावण्याच्या पद्धतीवर कडक टीका केली. २०१७ मध्ये व्हँडरबिल्ट आणि नॉर्थ कॅरोलायना इथल्या जैववैद्यकीय पीएचडी विद्यार्थ्यांवरचे दोन अभ्यास आले. डिग्री पूर्ण होणं किंवा शोधनिबंध प्रसिद्ध होणं याचा अंदाज या गुणांवरून येत नाही, असं त्यांत दिसलं. या अभ्यासांना एक मर्यादा आहे: ज्यांना प्रवेश मिळाला त्यांचीच माहिती हाती असते, ज्यांना नाकारलं ते पुढे काय करू शकले असते हे कुणालाच कळत नाही. माझं स्वतःचं मत असं की परीक्षा काहीतरी मोजते, पण ते काहीतरी म्हणजे पहिल्या वर्षाचे वर्ग. तिसऱ्या वर्षी मॉडेल चालत नाही, फील्डवरचा डेटा निम्मा खराब निघतो आणि तरी माणूस सकाळी उठून लॅबमध्ये येतो, ते या परीक्षेत कुठेच येत नाही.

आता दरवाज्यांकडे. २०२० च्या साथीत परीक्षा केंद्रं बंद पडली तेव्हा असंख्य विभागांनी जीआरईची अट काढली. काहींनी ती नंतर परत आणली, पुष्कळांनी आणली नाही. विभागाच्या पानावर यासाठी वेगवेगळे शब्द असतात आणि ते नीट वाचायला हवेत. ‘स्वीकारत नाही’ म्हणजे पाठवलात तरी कुणी बघणार नाही, तुमच्यासाठी सर्वांत चांगलं. ‘आवश्यक नाही’ म्हणजे बहुतेक जण पाठवत नाहीत, तुम्हीही पाठवू नका. ‘ऐच्छिक’ हा शब्द अवघड. तिथे पाठवणारे बहुधा चांगले गुण असलेलेच असतात, त्यामुळे न पाठवणाऱ्याबद्दल कुणी मनात अंदाज बांधणारच नाही अशी खात्री मी देऊ शकत नाही. तरीही १५५ असेल तर ‘ऐच्छिक’ ठिकाणी पाठवू नका असंच मी सांगेन. रिकाम्या जागेकडे बघून माणूस ट्रान्सक्रिप्ट (विषयवार गुणपत्रक) उघडतो, आकडा दिसला की आकड्यावर थांबतो. एक काळजी घ्या: विद्यापीठाच्या ग्रॅज्युएट स्कूलचं पान आणि विभागाचं पान यांत फरक असू शकतो, आणि अट दर वर्षी बदलू शकते. गेल्या वर्षी कुणा मित्राने काय केलं त्यावर जाऊ नका. शंका असेल तर विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला दोन ओळींची ईमेल करा. हे लोक उत्तर देतात, आणि त्यांचं उत्तर अधिकृत असतं.

म्हणून आधी यादी करा, मग परीक्षेचं ठरवा. तुमच्या दहा विभागांपैकी आठ जण गुण मागत नसतील तर परत परीक्षा देणं म्हणजे एसओपीचे सहा आठवडे खर्च करणं. ते करू नका. उलट ज्या प्राध्यापकाकडे जाण्याची खरी इच्छा आहे त्याचा विभाग गुण मागत असेल, आणि घरी दिलेल्या सराव परीक्षांत तुम्हाला १६० च्या आसपास पडत असतील, तर जरूर द्या. ईटीएसच्या पॉवरप्रेप चाचण्या मोफत मिळतात. दोन वेळा घड्याळ लावून, मध्ये न उठता सोडवा. तिथेही १५६ येत असतील तर १५५ हा अपघात नव्हता, तयारीची ती पातळी होती, आणि तीन आठवड्यांत ती फारशी हलणार नाही.

द्यायचीच ठरली तर नियम असे: दोन परीक्षांमध्ये किमान २१ दिवसांचं अंतर लागतं, आणि सलग १२ महिन्यांत पाच वेळा बसता येतं. कुठले गुण पाठवायचे ते निवडता येतं, त्यामुळे दुसरा प्रयत्न फसला तरी तो कुणाला दाखवायची सक्ती नाही. अधिकृत गुण यायला साधारण ८ ते १० दिवस धरा. म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या तारखेच्या डेडलाइनसाठी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर परीक्षा ठेवू नका. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा दोन तासांच्या आत आली आहे. क्वांटचे दोन भाग असतात, पहिल्यात २१ मिनिटांत १२ प्रश्न, दुसऱ्यात २६ मिनिटांत १५. पहिला भाग कसा गेला त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते, म्हणून पहिल्या बारांतल्या घाईच्या चुका सर्वांत महाग पडतात. तुमच्यासारख्या नोकरी करणाऱ्या लोकांचं नुकसान मला नेहमी तिथेच दिसलं आहे. गणित येत असतं, पण घड्याळाची सवय गेलेली असते. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका.

आता फाइल उघडली आहे असं धरा. १५५ बघितल्यावर माझी नजर पहिल्यांदा ट्रान्सक्रिप्टवर जाते आणि मी चार ओळी शोधतो: डिफरन्शियल इक्वेशन्स, फ्लुइड मेकॅनिक्स, संख्याशास्त्र, न्यूमरिकल मेथड्स. त्यांत चांगले ग्रेड असतील तर माझ्यापुरती शंका तिथेच ऐंशी टक्के संपते. चार वर्षांत सोडवलेली गणितं क्वांटच्या ४७ मिनिटांपेक्षा जास्त बोलतात. पण सगळे वाचणारे ट्रान्सक्रिप्टमध्ये इतकं खोल शिरत नाहीत, आणि परदेशी विद्यापीठातल्या विषयांची नावं त्यांना कळतीलच असंही नाही. म्हणून सीव्हीमध्ये ‘गणिती अभ्यासक्रम’ अशी एक ओळ करून ते विषय ग्रेडसह तिथे मांडा. चारांतला एखादा ग्रेड कमी असेल तर अजून वेळ आहे: एखाद्या मान्यताप्राप्त विद्यापीठाचा पदव्युत्तर पातळीवरचा ऑनलाइन कोर्स घ्या, ज्याचा अधिकृत ग्रेड मिळतो असा. व्हिडिओ बघून मिळणारं प्रमाणपत्र इथे उपयोगाचं नाही. परीक्षा, ग्रेड आणि ट्रान्सक्रिप्ट हवं.

ट्रान्सक्रिप्टपेक्षा मोठा पुरावा एसओपीत देता येतो, आणि तुमच्याकडे तो आहे. तुम्ही पंपिंग टेस्ट केल्या आहेत. या वर्षी वाचलेल्या बहुतेक एसओपींमध्ये असं वाक्य असतं: ‘मी भूजल मॉडेलिंगवर काम केलं आणि मला या विषयाची अतिशय आवड निर्माण झाली.’ या वाक्यातून मला काहीच कळत नाही. काही वर्षांपूर्वी एक एसओपी आली होती, लिहिणाऱ्याचं क्वांट तुमच्यापेक्षाही कमी होतं. त्यात एक परिच्छेद होता, तो मला अजून लक्षात आहे. एका विहिरीतून सतत पाणी उपसत होते आणि भोवतीच्या निरीक्षण विहिरींतली पातळी मोजत होते. सुरुवातीचे आकडे थीसच्या वक्रावर नीट बसले. उपशाने पातळी वेळेनुसार किती उतरेल ते सांगणारं थीसचं समीकरण १९३५ चं, या विषयातला पहिला धडा. पण काही तासांनी पातळी जितकी खाली जायला हवी तितकी जाईना, वक्र सपाट झाला. कंपनीतल्या वरिष्ठांनी जलधराला (पाणी धरणाऱ्या खडकाच्या थराला) वरच्या थरातून गळतीचं पाणी मिळतंय असं धरून अहवाल लिहायला सांगितला.

त्या मुलाने लिहिलं होतं की गळतीने वक्र सपाट होतो हे खरं, पण जवळ नदी असेल तर नदीतून येणाऱ्या पाण्यानेही तो तसाच सपाट होतो, आणि नदी तीनशे मीटरवर होती. मग त्याने निरीक्षण विहिरी दोन गटांत विभागल्या: नदीच्या बाजूच्या आणि विरुद्ध बाजूच्या. गळती असती तर उपसा विहिरीपासून सारख्या अंतरावर सगळीकडे सारखाच परिणाम दिसला असता. त्याला नदीच्या बाजूला पातळी कमी उतरलेली आणि वक्र लवकर सपाट झालेला दिसला. अहवाल बदलला गेला. शेवटच्या वाक्यात त्याने प्रामाणिकपणे लिहिलं होतं की नदीच्या बाजूला दोनच विहिरी होत्या, आणि एवढ्यावरून नदीच्या तळाची पाझरक्षमता काढणं त्याला जमलं नाही. ते कसं काढायचं हेच शिकायला यायचं आहे.

मी ती फाइल समितीत वाचून दाखवली. क्वांटबद्दल कुणी विचारलं नाही. ज्याला एकाच आकृतीची दोन कारणं दिसतात आणि त्यांतलं खरं कोणतं ते तपासायचा मार्ग सुचतो, त्याला गणित झेपेल का हा प्रश्न उरत नाही. तो विद्यार्थी पुढे आमच्याकडे आला आणि वेळेत पीएचडी पूर्ण करून गेला.

तुम्ही तुमच्या दोन वर्षांतली अशी एक गोष्ट शोधा. मोठी नको. जिथे डेटा अपेक्षेप्रमाणे वागला नाही आणि तुम्ही काहीतरी ठरवलं, अशी. त्यातलं समीकरण, मोजमाप, तुमचा निर्णय आणि जे कळलं नाही ते, एवढं एका परिच्छेदात लिहा. मॉडफ्लो हे भूजल मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर चालवलं असेल तर ‘मॉडफ्लो येतं’ असं लिहू नका. मॉडेलच्या सीमेवरच्या अटी काय घेतल्या, का घेतल्या आणि कॅलिब्रेशनमध्ये (मॉडेल मोजमापांशी जुळवताना) काय अडलं ते लिहा. कोड स्वतः लिहिला असेल तर कुठल्या भाषेत, कशासाठी, हे एका वाक्यात येऊ द्या. बालपणापासून पाण्याची ओढ होती वगैरे पूर्ण गाळा. दोन पानांत त्याला जागा नाही. आणि कंपनीचा गोपनीय डेटा वापरू नका. जागेचं नाव न घेता पद्धत सांगता येते.

शिफारसपत्रं तीन लागतात. तुमच्या बाबतीत त्यांतलं एक असं हवं की जे क्वांटच्या शंकेला थेट उत्तर देईल. ‘विद्यार्थी मेहनती, प्रामाणिक आणि वक्तशीर आहे’ अशी पत्रं आम्ही शेकड्याने वाचतो, आणि ती कुठल्याही आकड्याला खोडून काढत नाहीत. ‘माझ्या न्यूमरिकल मेथड्सच्या वर्गात साठ जण होते, याने स्वतःहून स्थिरतेची अट काढून दाखवली’ असं एक वाक्य असलं की पुरे. हे वाक्य शिक्षकांना आपोआप आठवत नाही, त्यांच्या हाताखालून शेकडो मुलं गेलेली असतात. म्हणून पत्र मागताना सोबत एक पान द्या: त्यांच्याकडे कुठला विषय केला, काय ग्रेड मिळाला, प्रोजेक्टमध्ये नेमकं काय केलं, आणि जमलं तर त्या वेळचा अहवाल. आणि स्पष्ट सांगा: ‘सर, माझे क्वांटचे गुण कमी आहेत. माझ्या गणिताबद्दल तुम्हाला जे खरंच वाटतं ते पत्रात आलं तर मदत होईल.’ यात संकोच करण्यासारखं काही नाही. चांगले शिक्षक हे ऐकून मनापासून लिहितात. पत्र स्वतः लिहून सहीसाठी नेऊ नका, तीन पत्रांची भाषा एकसारखी असली की वाचताना लगेच लक्षात येतं आणि मग सगळी फाइलच संशयात जाते. अर्जात ‘पत्र बघण्याचा हक्क सोडतो’ असा एक पर्याय येतो. विद्यार्थ्यांच्या नोंदींबद्दलच्या १९७४ च्या फेर्पा कायद्यामुळे तो विचारावा लागतो. तो हक्क सोडा. बंद पत्रावर वाचणाऱ्याचा विश्वास जास्त बसतो.

कारण लिहायचं का, हा तुमचा प्रश्न. नोकरीमुळे अभ्यासाला वेळ मिळाला नाही, परीक्षेच्या दिवशी बरं नव्हतं, मी परीक्षेत चांगला नसतो: ही तिन्ही वाक्यं मी असंख्य वेळा वाचली आहेत. ती खोटी असतात असं मला अजिबात वाटत नाही. पण त्यांनी शंका जात नाही, उलट जो वाचणारा आकडा ओलांडून पुढे गेला होता तोही परत मागे जाऊन बघतो. दोन पानांतल्या चार ओळी तुम्ही तुमच्याच उणिवेला दिल्यात असं होतं. मोठं आजारपण, घरातला मृत्यू असं काही असेल, आणि त्याचा परिणाम ट्रान्सक्रिप्टमधल्या एखाद्या सत्रावर दिसत असेल, तर अर्जात ‘अतिरिक्त माहिती’ची जागा असते. तिथे दोन वाक्यांत, तारखांसह लिहा. तेवढं आम्ही आदराने वाचतो.

एमएस आणि पीएचडी यांच्याबद्दल लोकांचा एक समज मला खोडावासा वाटतो. एमएसला प्रवेश सोपा, म्हणून कमी गुणांना एमएस, असं सर्रास सांगितलं जातं. स्वतःच्या खर्चाने केल्या जाणाऱ्या एमएसला जागा जास्त असतात हे खरं. पण तिथे अर्जही खूप असतात, एकेक फाइल बारकाईने वाचायला कुणाला सवड नसते, आणि आकड्याची चाळणी तिथेच जास्त लागते. पीएचडीच्या विद्यार्थ्यावर विभाग किंवा प्राध्यापक चार-पाच वर्षं पैसा खर्च करणार असतो, म्हणून तिथे फाइल शेवटपर्यंत वाचली जाते. तुमच्यासारखा दोन वर्षांचा फील्डचा अनुभव असलेला माणूस पीएचडीच्या अर्जात जास्त उठून दिसतो. थीसिस असलेली आणि निधी असलेली एमएस मिळत असेल तर मात्र ती उत्तम वाट आहे. दोन-तीन ठिकाणी तीही ठेवा.

गुणांचा फटका जिथे खरोखर बसतो ती जागा म्हणजे विद्यापीठ पातळीच्या फेलोशिप. तिथे इतिहासापासून रसायनशास्त्रापर्यंतचे विद्यार्थी एकत्र तोलले जातात आणि तोलायला समान असं फारसं काही नसतं, म्हणून आकडे पुढे येतात. त्या मिळतील असं गृहीत धरू नका. तुमचं फंडिंग येईल ते प्राध्यापकाच्या प्रोजेक्टमधून, म्हणजे आरएशिपमधून (संशोधन सहायक म्हणून), किंवा विभागाच्या टीएशिपमधून (अध्यापन सहायक म्हणून). टीएशिपसाठी अनेक ठिकाणी इंग्रजीच्या परीक्षेतल्या संभाषणाच्या भागाला वेगळी किमान अट असते. जीआरईच्या चिंतेत ती परीक्षा दुर्लक्षित राहते आणि नंतर तिच्यामुळेच अडतं. तिच्याकडे लक्ष द्या.

यावरून यादी कशी करायची ते सरळ आहे. क्रमवारीच्या तक्त्यावरून नको, माणसांवरून. भूजलावर काम करणारे असे पंधरा प्राध्यापक शोधा की ज्यांचे गेल्या तीन वर्षांतले शोधनिबंध तुम्ही वाचून समजून घेऊ शकता. अभियांत्रिकीच्या बऱ्याच विभागांत एखाद्या प्राध्यापकाने ‘हा मला हवा, माझ्याकडे पैसा आहे’ असं समितीला कळवलं की फाइल तक्त्याच्या तळातूनही वर येते. चाळणी ओलांडण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही. जैवविज्ञानात जिथे पहिल्या वर्षी लॅब बदलत फिरतात तिथे हे इतकं चालत नाही, पण तुमच्या क्षेत्रात चालतं. अर्जाच्या शुल्कात सवलत मागता येते का तेही त्याच वेळी विचारून ठेवा. दहा अर्जांची फी मिळून बरीच होते.

ईमेल ऑक्टोबरात पाठवा आणि ती पाच-सहा ओळींची ठेवा. पहिल्या ओळीत तुम्ही कोण. मग त्यांच्या एका निबंधातली एक नेमकी गोष्ट: कुठली आकृती, तिच्याबद्दल तुमचा प्रश्न काय. मग तुमच्या पंपिंग टेस्टचं एक वाक्य, आणि शेवटी पुढच्या फॉलमध्ये (शरद सत्रात) विद्यार्थी घेणार आहात का, एवढंच. सीव्ही जोडा, त्यात जीआरई लिहू नका. ‘माझी शक्यता किती’ हे विचारू नका, त्याचं उत्तर कुणाकडेच नसतं. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, मग सोडा. पंधरांतून चार उत्तरं आली तर चांगली समजा.

त्या चारांपैकी कुणीतरी जानेवारी-फेब्रुवारीत व्हिडिओवर बोलायला बोलावेल, आणि तिथे १५५ चा प्रश्न निघू शकतो. घाबरून लांबलचक बोलू नका. ‘हो, ते गुण माझ्या गणिताच्या मानाने कमी आले. डिफरन्शियल इक्वेशन्स आणि न्यूमरिकल मेथड्समध्ये मला चांगले ग्रेड आहेत, आणि दोन वर्षं तेच गणित मी रोज फील्डच्या डेटावर वापरतो आहे. हवं असेल तर त्यातलं एक विश्लेषण दाखवतो.’ एवढं म्हणा, आणि ते विश्लेषण समोरच्या खिडकीत आधीच उघडून ठेवा. बहुतेक जण ‘दाखवा’ म्हणतात.